मधली जागा

आवाज मला आलाच नव्हता, हे आधीच सांगून टाकते. गल्लीत सगळ्यांना वाटतं, मेलेल्या नवऱ्याचा आवाज कानावर पडला आणि बाई रस्त्यावर धावत सुटली. तसं काही झालं नाही. माझा उजवा कान केव्हाच गेलाय, डाव्यात जे उरलंय ते कामापुरतं. कर्ण्यातलं बोलणं मला लांबून नुसतं घरघरल्यासारखं लागतं, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवावं तसं. त्या सकाळी मी शिंप्याकडे उशीचे अभ्रे शिवायला टाकायला गेले होते. रस्त्यावरून घरघर आली आणि थांबली. पुन्हा आली, पुन्हा थांबली. प्रचाराचे दिवस, रोज दहा गाड्या कोकलत जातात, मी मानही वळवली नाही. पण तिसऱ्यांदा घरघर थांबली तेव्हा माझे ओठ हलले. मी हलवले नाहीत, ते आपले आपण हलले. शिंपी टेप गळ्यात टाकून माझ्याकडे बघत राहिला. "कुणाचे म्हणालात?" त्यानं हातानंच विचारलं. मी म्हणाले होते "आमचे". का म्हणाले ते कळायच्या आधी पाय दुकानाबाहेर पडले होते. तेवढा वेळ थांबणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला होता, आणि त्याला मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात आम्ही पोचवून आलो होतो.

टेंपो कोपऱ्यावर उभा होता. टपावर दोन कर्णे सुतळीनं बांधलेले, बाजूला युनियनचा फलक, आणि पुढच्या सीटवर मोबाइल हातात धरून माझीच लेक. मला बघून तिनं चोरी पकडल्यासारखा चेहरा केला. आमच्या घरात एक नियम आहे, माझ्याशी बोलायचं तर तोंड समोर करून बोलायचं. एरवी ती निम्म्या वेळा विसरते, तेव्हा मात्र टेंपोतून उतरून नीट समोर येऊन उभी राहिली. "आई, संध्याकाळी सांगणारच होते. युनियनच्या जुन्या कपाटात कॅसेट सापडली. बाबांची. धक्का बसेल तुला म्हणून—" मी म्हटलं, "बसला की आता. फुकटात." टेंपोवाला मामा खाली उतरून वायरी चाचपत होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, आवाज खणखणीत आहे, पण मशीनचा काहीतरी घोटाळा दिसतोय. एक ओळ बोलतं की बंद पडतं. बोलतं की बंद पडतं." त्या बिचाऱ्याची काय चूक. त्याला कुठे ठाऊक, की जिथं बंद पडतं म्हणतोय तिथं मी आहे.

माझा नवरा युनियनच्या घोषणा द्यायचा, म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणायचे. मीही तेच म्हणायचे. अहो-जाहो मला कधी जमलं नाही, एका खात्यात घाम गाळलेल्या माणसाला काय अहो म्हणायचं? आम्ही दोघं पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात, प्रेसखात्यात. एकेक प्रेस घरातल्या कपाटाएवढा, वरून घण आल्यासारखा आदळायचा, आणि तसे रांगेनं लावलेले. तिथं तोंडानं बोलून उपयोग नसायचा. नवीन आलेली माणसं पहिले दिवस घसा फोडून ओरडायची, मग शहाणी व्हायची. आम्ही ओठांवर बोलायचो. आवाज न काढता नुसते ओठ स्पष्ट हलवायचे, जोडीला दोन बोटं, एक भुवई. चुगल्या, उधाऱ्या, प्रेमं, सगळं त्या भाषेत चालायचं, आणि मुकादमाला ती येत नव्हती हा आमचा एकमेव फायदा. बाहेर पडलो की मात्र कान दिवसभर शिट्टी वाजवत. कुणी काही बोललं तर ते आधी त्या शिट्टीतून आत यायचं, मग कळायचं, मग तोंडातून उत्तर निघायचं. त्यामुळे प्रेसखात्याची माणसं नेहमी उशिरा हसत. बाकीची खाती हसून मोकळी झाली की मग आमची रांग हसायची. लोक आम्हाला ठोंबे म्हणत. भोंग्यानं ते ओळखलं. दुसरे घोषणा देणारे "हात कुणाचे" म्हणून पुढच्या क्षणी पुढची घोषणा हाणायचे, आणि आमच्या खात्याचं उत्तर त्यांच्या पायाखाली यायचं. भोंगा विचारायचा, "हात कुणाचे?" आणि थांबायचा. इतका थांबायचा की पुढारी चुळबुळ करायचे. मग आमचं "आमचे!" असं काही यायचं, की गेटवरच्या पहारेकऱ्याची खुर्ची सरकायची. उत्तराची सुरुवात करून देणारी मी. त्यावरून मला भोंग्याची शेपटी म्हणत. मला राग यायचा असं मी दाखवायचे.

एका वर्षी युनियननं निवडणुकीला माणूस उभा केला. प्रेसखात्यातलाच एक म्हातारा, दोन्ही कानांनी ठार बहिरा. मागणी मोठी नव्हती: कानात घालायला बोळे द्या, आणि ज्यांचे कान कामात गेले त्यांना त्याची भरपाई देणारा कायदा करा. मालक म्हणायचा, बहिरेपण वयाचं असतं. पंचविशीतल्या पोरींनाही तो हेच सांगायचा. प्रचाराला एक तीनचाकी मिळाली, पण भोंग्याची पाळी आणि प्रचाराची वेळ एकच. म्हणून ठरलं की त्याचा आवाज टेप करायचा आणि गाडी आपली फिरत राहील, उत्तर द्यायला पाळी सुटलेल्या बाया गाडीमागून चालतील. सायकल-दुरुस्तीच्या दुकानावर युनियनची एक खोली होती. खिडक्यांवर गाद्या टांगल्या, लग्नातली गाणी टेप करणारा एक रेकॉर्डवाला त्याच्या यंत्रासकट बोलावला. भोंग्यानं म्हटलं, "हात कुणाचे?" आणि मी सवयीनं खच्चून ओरडले, "आमचे!" रेकॉर्डवाल्यानं टेप थांबवली. "बाई, तुमचं नकोय. तुमचं रस्त्यावरून येणार आहे." परत सुरू. "हात कुणाचे?" "आमचे!" आता जन्माची सवय ती, जाते होय? रेकॉर्डवाला म्हणाला, "बिघडवलंत. तुम्ही खाली जाऊन बसा बघू." तेव्हा भोंगा म्हणाला, "ती गेली तर मला जमणार नाही. उत्तर आल्याशिवाय पुढचं सुटत नाही माझ्या तोंडून." शेवटी तोड निघाली ती आमच्या खात्यातलीच. मी त्याच्यासमोर उभी राहिले, तोंडावर दिव्याचा उजेड घेतला, आणि उत्तर ओठांवर दिलं, आवाजाशिवाय. तो विचारायचा, मग माझ्या ओठांकडे बघायचा, ते मिटले की पुढचं. हात कुणाचे. घाम कुणाचा. मत कुणाचं. त्या खोलीत गाद्यांमुळे बाहेरचं काही येत नव्हतं आणि कानातली शिट्टी सोडली तर एवढी शांतता मी त्याआधी अनुभवली नव्हती. इतका वेळ कुणी माझ्या तोंडाकडे बघत राहिलंय, हेही त्याआधी कधी झालं नव्हतं.

आणि मग, "घाम कुणाचा" झाल्यावर, माझे ओठ मिटल्यावर, तो पुढचं बोललाच नाही. त्याचे ओठ हलले. आवाज नाही. रेकॉर्डवाला यंत्राच्या काट्याकडे बघत होता, त्याला काय कळणार. भोंग्यानं ओठांवर विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?" आणि थांबला. तेवढाच, जेवढा गेटवर थांबायचा. मी "हो" म्हणाले. ओठांवर म्हणायचं होतं, पण निघालं ते खणखणीत, खोलीभर. रेकॉर्डवाला उठून उभाच राहिला. "अहो बाई! तिसऱ्यांदा! आता कशाला हो म्हणालात? कुणी काही विचारलं तरी का?" भोंगा हसून हसून खाली बसला. टेप मागे नेली, माझा "हो" पुसला गेला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून झालं. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. होकार जिवंत समोर उभा होता, टेपवर कशाला हवा होता?

म्हातारा पडला, तोही असा की अनामत जप्त. पुढच्या खेपेला मात्र निवडून आला, कायदा झाला, बोळेही आले, पण तोवर आमचे कान गेलेले. वरातीमागून घोडं. पण आमच्या मागून आलेल्या पोरी अजून कुजबुजलेलं ऐकू शकतात, आणि हे आम्ही केलंय असं भोंगा म्हातारपणी कुणालाही थांबवून सांगायचा. घरी आम्ही दोघं अर्धबहिरे, आमची भांडणं गल्लीत जाहीर सभेसारखी व्हायची, शेजारीण दुसऱ्या दिवशी निकाल विचारायची. पण भांडणातसुद्धा तो थांबायचा. "तूच सांग, चूक कुणाची?" आणि गप्प. मला वाटेल तेवढा वेळ. मी नंतर कितीतरी माणसांशी बोलले, डॉक्टरांशी, बँकेतल्या लोकांशी, लेकीशीसुद्धा. सगळे विचारतात आणि मी तोंड उघडेपर्यंत दुसऱ्याकडे वळलेले असतात. मला त्याची आठवण येते ती त्याच्या बोलण्याची नाही. तो होता तेव्हा माझं उत्तर कुणालातरी हवं होतं, त्याची येते. चहा ओतताना येते, दार लावताना येते, आणि आली की मी उगाच पाण्याचा नळ सोडून उभी राहते.

टेंपो दिसला त्याच दिवशी दुपारी मी लेकीबरोबर तिच्या गोदामाच्या गेटवर गेले. तिला नको होतं, मी ऐकलं नाही. ती पार्सलच्या गोदामात मालाची उचल करते. तिथं प्रेस नाही, घण नाही, फरशी नुसती चकचकीत; पण प्रत्येकाच्या कानात एक यंत्र बसवलेलं असतं आणि त्यातली बाई हुकूम सोडत असते. अमुक रांग, तमुक खण, उचल. उचलून आकडा बोलून दाखवायचा, आणि आकडा पुरता तोंडाबाहेर पडायच्या आत पुढची रांग. लेक तिला कानातली सासू म्हणते. तिथली पोरं घरी झोपेत आकडे बडबडतात म्हणे. युनियनची मागणी एवढीच, की दोन हुकमांच्या मध्ये श्वास घेण्यापुरती सवड ठेवा, आणि तसं कायद्यात लिहा. त्यासाठी गोदामातल्याच वजनकाट्यावरच्या माणसाला उभं केलंय. सुट्टी झाली, पोरं-पोरी गेटबाहेर आली, कानातून यंत्रं काढून कान चोळत. मामानं आवाज सोडला. मी यंत्र घातलं होतं, माझं कानाचं, जे एरवी कपाटात पडून असतं कारण ते चमच्यांचे आवाज आणतं आणि माणसांचे आणत नाही. त्या दिवशी त्यानं आणला. भोंगा. तिशीतला, घसा जरा बसलेला. "हात कुणाचे?" मी डोळे मिटले, मला तो समोरच दिसला. पण गेटवर कुणी काही बोललं नाही. एकदोघांनी "आमचे" म्हटलं, ते तिथल्या तिथे संपलं, आणि पुढची सगळी जागा तशीच उघडी पडली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कुणी मोबाइल काढला. एक पोरगी म्हणाली, मला तिच्या ओठांवर स्वच्छ दिसलं, "आजोबा पुढचं विसरले वाटतं!" सगळे हसले. वाईट पोरगी नव्हती ती. पण मी हसणाऱ्यांच्या मध्ये उभी होते आणि तो वर कर्ण्यात वाट बघत होता. त्याला असं एकटं मी कधी बघितलं नव्हतं. उत्तर द्यायचं माझं काम होतं, आणि माझं तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी मी लसूण सोलत बसले होते. लेक समोर येऊन बसली, दोन पाकळ्या घेतल्या, त्याच खेळवत राहिली. मला अंदाज होता.

"आई, एक विचारू? बाबांच्या त्या मधल्या जागा कापाव्या लागतील गं. मोबाइलवर होतं ते, अर्ध्या तासाचं काम आहे."

"तुमची मागणी काय आहे?" मी विचारलं.

"आता काय संबंध?"

"सांग तर. श्वास घ्यायला सवड द्या, हीच ना? आणि बापाची सवड कापायला निघालीस. त्या कानातल्या सासूत आणि तुझ्यात फरक काय मग?"

तिचा चेहरा उतरला. हातातल्या पाकळ्या खाली ठेवून म्हणाली, "मागणी मिळेपर्यंत तरी त्यांच्याच वेगानं त्यांना गाठायला नको का? सुट्टी केवढीशी असते. आज बघितलंस ना तू?" मग हलक्या आवाजात, पण तोंड समोर ठेवून, "मलाही सहन झालं नाही ते. मूळचं आहे की, ते नाही पुसणार. तुला घरी लावून देईन, हवं तेव्हा ऐक."

घरी! घरी ऐकून काय करू? पलंगावर बसून टेप ऐकणारी विधवा होऊ? त्या जागा पलंगासाठी सोडलेल्याच नव्हत्या. रस्त्यावर मी अर्धी घोषणा होते, घरात मी नुसती रडेन. हे सगळं तोंडापर्यंत आलं. गाद्या टांगलेली खोली, रेकॉर्डवाला, पुसलेला "हो", हेही आलं. पण लेकीला काय सांगायचं, की तू जी शांतता कापायला निघालीस ती शांतता नाही, ते तुझ्या आईचे ओठ आहेत? ती बिचारी मग कात्रीच लावणार नाही, आणि वजनकाट्यावरचा माणूस पडेल. मी पाकळीचं साल काढत राहिले. आणि मला भोंगा आठवला तो एकदा सफाई कामगारांच्या सभेत घोषणा देताना. तिथं तो भराभर देत होता, थांबतच नव्हता. मी नंतर विचारलं होतं, आज काय घाई होती रे? तो म्हणाला होता, "घाई कसली? त्यांचे कान शाबूत आहेत. समोरच्याचा कान बघून जागा सोडायची असते." म्हणजे आज तो असता तर त्यानं स्वतःच कापलं असतं. गेटवरची ती पोरगी हसली, कारण तिला लगेच ऐकू आलं होतं. तिच्या कानात शिट्टी नव्हती. एवढ्याचसाठी तर त्या खोलीत गाद्या टांगल्या होत्या ना आम्ही? समोर आता ती पोरगी होती. मी नव्हते. हे पचवायला मला सबंध गड्डा सोलावा लागला.

"काप," मी म्हटलं.

"नक्की?"

"काप म्हटलं ना. आणि नीट काप, शब्दांच्या शेपट्या तुटू देऊ नकोस." ती उठून माझ्या गळ्यात पडली, तिच्या हातांना लसणाचा वास, मला काही ऐकू आलं नाही, ती बहुतेक काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हते. जाणार नाही म्हणतच चपला घातल्या. गेटसमोर टेंपोच्या मागच्या चाकाशी उभी राहिले, कुणाच्या अध्यातमध्यात नको म्हणून. पोरं बाहेर आली, मामानं आवाज सोडला आणि भोंगा सुटला. कधी नव्हे असा. "हात कुणाचे?" "आमचे!" पोरांनी चेंडू झेलावा तसं ते झेललं, आणि लगेच "घाम कुणाचा?" "आमचा!" कालच्या त्या पोरीनं हात वर केला होता. वजनकाट्यावरचा माणूस लाजून फलकामागे गेला होता, त्याला दोघांनी ओढून पुढे आणलं. "मत कुणाचं?" "कामगाराचं!" गेटवरच्या काचेच्या चौकीतला पहारेकरी उभा राहिला. त्याची खुर्ची सरकलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली. लेक माझ्याकडे बघत होती, मी मान हलवून तिला म्हटलं, छान चाललंय. छान चाललंच होतं. मला आनंद झाला होता आणि तरी मी आत कुठंतरी त्याला हाका मारत होते, अरे थांब, जरा थांब, मी आहे अजून.

पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. "हात कुणाचे?" ते मला पोचलं, शिट्टीतून आत आलं, कळलं. पोरांचं उत्तर देऊनही झालं होतं. आणि माझं तोंड उघडलं. गाद्यांच्या खोलीत गिळलेलं, काल गेटवर न निघालेलं, सगळं एकदम निघालं. "आमचे!" मी ओरडले, नको तिथं, उशिरा, एकटीच, आणि त्याच क्षणी वर कर्ण्यात तो म्हणत होता, "घाम कुणाचा?" त्याचे शब्द आणि माझा शब्द एकमेकांवर पडले. सगळा जन्म तो बोलायचा तेव्हा मी गप्प असायचे आणि मी बोलायचे तेव्हा तो. भांडणातसुद्धा. एकदम आम्ही कधी बोललोच नव्हतो. पोरं वळून बघायला लागली, ती कालची पोरगी हसली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी थांबले नाही. तो विचारत गेला, मी मागचं उत्तर पुढच्या प्रश्नावर टाकत गेले, माझा आवाज आणि त्याचा आवाज एकाच वेळी त्या गेटवर होता, कुठला कुणाचा ते मला कळत नव्हतं.

रेकॉर्डवाला असता तर कपाळाला हात लावून म्हणाला असता, "बिघडवलंत बाई, पुन्हा."